तडजोडीचा पैसा आणि झाडीपट्टीचा खर्रा

अपकार करणाऱ्यानें भरपाई द्यावी, हा न्याय सर्वमान्य आहे. शेजाऱ्याच्या बैलानें उभें पीक खाल्लें तर किती पायली धान्य द्यावयाचें, हें खेड्यांतील पंच कोणताहि ग्रंथ न उघडतां ठरवितात. परंतु अपकार करणारे अनेक असले, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असला, आणि ज्याचें नुकसान होतें तोच तें पदरचे पैसे देऊन विकत घेत असला, तर भरपाई कोणीं, कोणास आणि कशाबद्दल द्यावयाची? तंबाखूच्या बाबतींत हा प्रश्न अमेरिकेंतील राज्यांनीं १९९८ सालीं मोठ्या कंपन्यांशीं तडजोड करून सोडविला; निदान सोडविल्यासारखा केला. त्या गोष्टीस पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तिचें टिकाऊ फळ कोणतें, वायां गेलें तें काय, आणि त्यापासून चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या अरण्यमय जिल्ह्यांनीं काय घ्यावें, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. सातासमुद्रांपलीकडील करारमदारांचा झाडीपट्टीशीं काय संबंध, असें प्रथम वाटेल. पण तो आहे, आणि आपल्या घराशींहि आहे.

खर्रा आणि त्याचा धनी

१९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत हा सारा प्रदेश एकाच चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या मुलखांत साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें राज्य आहे. येथील मुख्य व्यसन सिगारेटचें नाहीं. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मागाल तेव्हां ताजा मिळतो. गालांत धरला कीं तासच्या तास तो तेथेंच राहतो. नस, म्हणजे तंबाखूची भुकटी, दांतांस घासण्याची चाल बायकांतहि आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू-पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा २६.६ प्रौढ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करतांना आढळलीं. त्यांपैकीं धूम्रपान करणारांचें प्रमाण शेंकडा ३.८ होतें, तर चघळणारे, दांतांस लावणारे वगैरे मिळून शेंकडा २४.४ होते. म्हणजे धूर सोडणारा एक, तर तोंडांत धरणारे सहा, असा हा हिशेब आहे.

खर्ऱ्यांतील सुपारी निरुपद्रवी आहे असें समजणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसत्या सुपारीलाहि, तंबाखूची जोड नसतां, माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. सुपारीनें गालाच्या आंतील मऊ त्वचा ताठर होते; तिखट सोसेनासें होतें; पुढें तोंड उघडेनासें होतें. ज्याच्या तोंडांत स्वतःचीं तीन बोटें उभीं शिरत नाहींत त्यानें वैद्य गांठावा. पुढची पायरी कर्करोगाची असूं शकते.

पैशाचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेनें २००८ सालीं पाहणी केली. तींत त्या जिल्ह्यांतील लोक तंबाखूवर वर्षाकाठीं सुमारें ७३ कोटि रुपये खर्च करितात असें दिसून आलें. जिल्ह्याची तेव्हांची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास. तान्हीं मुलें धरून माणशीं वर्षाला जवळजवळ ७०० रुपये झाले! आणि हा जिल्हा महाराष्ट्रांतील अत्यंत दरिद्री जिल्ह्यांपैकीं एक आहे.

आतां या नुकसानीबद्दल फिर्याद कोणावर करावी? सुपारी एका प्रांतांतून येते, तंबाखू दुसऱ्या, चुना तिसऱ्याच ठिकाणाहून. आणि घोटून देणारा ठेलेवाला बहुधा गांवचाच, ग्राहकाइतकाच गरीब. वेष्टनावर रोगाचें चित्र छापण्याची सक्ति आपल्याकडे २००९ पासून आहे, आणि २०१६ पासून त्या चित्रानें व इशाऱ्यानें वेष्टनाचा शेंकडा ८५ भाग व्यापावा असा नियम आहे. पण ज्या वस्तूस वेष्टनच नाहीं तिच्यावर इशारा छापणार कोठें? खर्ऱ्याचा धनी सांपडत नाहीं, ही या प्रश्नांतली पहिली अडचण होय.

अमेरिकेंत काय घडलें

अमेरिकेंत धनी सांपडत होता, तरी तो पकडला जात नव्हता. १९५० नंतरच्या चार दशकांत अनेक रोग्यांनीं वा त्यांच्या विधवांनीं कंपन्यांवर दावे लावले आणि ते हरले. कंपन्यांचें उत्तर एकच असे: ओढणारानें समजून-उमजून ओढली, त्यास आम्ही काय करावें? या उत्तरावर तोड निघाली ती १९९४ सालीं. मिसिसिपी राज्याचे महान्यायवादी माइक मूर यांनीं रोग्याच्या वतीनें फिर्याद न करतां राज्याच्या वतीनें केली. तंबाखूनें आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च राज्याच्या तिजोरींतून होतो. राज्यानें तर एकहि सिगारेट ओढली नाहीं. मग हा बोजा त्यानें कां सोसावा? युक्तिवाद साधा, पण बिनतोड होता. त्याच वर्षीं सात कंपन्यांच्या प्रमुखांनीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें शपथेवर सांगितलें होतें कीं, निकोटिनाचें व्यसन लागतें असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें कंपन्यांचीच दप्तरें बाहेर आलीं आणि त्या शपथेची किंमत जगास कळली.

मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास व मिनेसोटा या चार राज्यांनीं १९९७-९८ मध्यें स्वतंत्र तडजोडी केल्या. उरलेल्या ४६ राज्यांनीं २३ नोव्हेंबर १९९८ रोजीं चार मोठ्या कंपन्यांशीं एकच करार केला. पहिल्या २५ वर्षांत सुमारें २०६ अब्ज डॉलर आणि त्यानंतरहि दरसाल हप्ते देण्याचें कंपन्यांनीं कबूल केलें. रस्त्यांवरील मोठाले जाहिरातफलक बंद झाले. मुलांस भुलविणारीं व्यंगचित्रें जाहिरातींतून गेलीं. धंद्याची तरफदारी करणाऱ्या संस्था मोडण्यांत आल्या. तरुणांस सावध करण्यासाठीं एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभें राहिलें. करार होतांच कंपन्यांनीं सिगारेटच्या पाकिटाची किंमत ४५ सेंटांनीं वाढविली. भरपाई द्यावयाची ती गिऱ्हाइकाच्याच खिशांतून, हा त्यांतला हेतु उघड होता. परंतु त्या महागाईनें विक्री घटली, आणि विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलांस सिगारेट परवडेनाशी झाली. अमेरिकेंतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत सिगारेट ओढणाऱ्या विद्यार्थ्यांचें प्रमाण १९९७ सालीं शेंकडा ३६.४ होतें; २०१९ सालीं तें शेंकडा ६ वर आलें. याचें सर्व श्रेय त्या एका करारास देतां येणार नाहीं. कर, कायदे व लोकशिक्षण यांचाहि त्यांत वांटा आहे, आणि त्याच काळांत विजेवर चालणाऱ्या सिगारेटी मुलांच्या हातीं आल्या हेंहि विसरतां कामा नये. तरी करारानें त्या उतारास धक्का दिला, एवढें निश्चित.

आणि पैसा? पैशाची कथा निराळी आहे. तो कशासाठीं खर्चावयाचा याचें बंधन करारांत नव्हतें. कोठें अंदाजपत्रकांतील तूट भरून निघाली. नॉर्थ कॅरोलिनांत मोठा हिस्सा तंबाखू पिकविणाऱ्या भागाच्या आर्थिक उभारणीस लागला. कित्येक राज्यांनीं तर पुढील वर्षांचे हप्ते रोख्यांच्या रूपानें आगाऊ विकून रोख रक्कम घेतली. अलीकडील वर्षांत तडजोडीचे हप्ते व तंबाखूवरील कर मिळून जें उत्पन्न होतें, त्यांतील शेंकडा तीन डॉलरहि तंबाखू सोडविण्याच्या व टाळण्याच्या कामीं लागत नाहींत. शिवाय हप्त्यांची रक्कम सिगारेटच्या विक्रीवर अवलंबून! विक्री घटली कीं राज्याचें उत्पन्न घटणार. ज्या व्यसनाविरुद्ध राज्य फिर्यादी म्हणून उभें राहिलें, त्याच व्यसनाच्या कमाईंत तें भागीदार होऊन बसलें.

कॅनडाचें उदाहरण याहून ताजें आहे. तेथें क्वेबेक प्रांतांतील दावे १९९८ सालीं सुरू झाले. शेवटीं तीन कंपन्यांशीं ३२.५ अब्ज कॅनेडियन डॉलरांच्या तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०२५ सालीं. सत्तावीस वर्षांत फिर्यादींतले कित्येक रोगी निजधामास गेले होते.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आमच्या मतें असा: तडजोडींतलें जें पैशाच्या रूपांत होतें तें बहुतेक विरून गेलें, जें बंधनाच्या रूपांत होतें तें टिकलें. वाढलेली किंमत टिकली, जाहिरातीची बंदी टिकली, आणि उघडीं पडलेलीं दप्तरें टिकलीं. तीं दप्तरें आज कोणासहि वाचावयास मोकळीं आहेत, आणि जगांतील संशोधक अजून त्यांचा उपयोग करीत आहेत.

आपल्याकडील न्यायालयें

ज्या ब्राऊन अँड विल्यमसन कंपनीनें १९९८ च्या करारावर सही केली ती ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या इंग्रज कंपनीची अमेरिकन शाखा होती. २०२५ च्या तडजोडींतील इंपीरियल टोबॅको कॅनडा हीहि तिचीच. आणि आपल्याकडील आयटीसी, जी १९१० सालीं इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया या नांवानें स्थापन झाली, तिचा सर्वांत मोठा भागधारक हीच इंग्रज कंपनी आहे. अमेरिकेंत व कॅनडांत या घराण्यानें भरपाई दिली. हिंदुस्थानांत तसा दावा उभाच राहिला नाहीं. आपल्याकडे वकिलानें निकालांतील हिश्शावर फी घेऊं नये असा दंडक आहे. दिवाणी दावा वर्षानुवर्षें रेंगाळतो. आणि रोग्याची मिळकत जाते ती उपचारांत. मोठ्या तडजोडीचा आपला स्वतःचा अनुभवहि उत्साह वाढविणारा नाहीं. भोपाळच्या विषारी वायूच्या प्रकरणीं १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली आणि रोग्यांची परवड त्यानंतर दशकानुदशकें चालूच राहिली.

तथापि आपलीं न्यायालयें स्वस्थ बसलीं होतीं असें नाहीं. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांच्या अर्जावर २ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास मनाई केली, आणि २००३ सालीं तंबाखूविषयक मुख्य कायदा झाला. महाराष्ट्र सरकारनें २००२ सालीं गुटख्यावर बंदी घातली; ती २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, राज्यास तसा अधिकार नाहीं म्हणून, रद्द ठरविली. पुढें अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्यें ती पुनः आली, आणि २०१३ मध्यें सुगंधित तंबाखू, खर्रा व मावा यांसहि तिनें कवेंत घेतलें. ही आज्ञा एका वेळीं एकाच वर्षाची असते. दरसाल ती नव्यानें काढावी लागते. म्हणजे कागदावर खर्रा बंद आहे. ठेल्यावर मात्र तो घोटला जात असतो. कायदा झाला, त्याला जागणारा कोण?

गांवाचा करार

या प्रश्नाचें उत्तर झाडीपट्टींतील लोकांनीं दारूच्या बाबतींत पूर्वींच शोधलें होतें. गडचिरोलींत गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेल्या चळवळीनंतर १९९३ पासून जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरांतहि स्त्रियांनीं हा प्रश्न लावून धरला. २०१० सालीं ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या नेतृत्वाखालीं त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायीं गेल्या. तेथील दारूबंदी १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ सालीं मंत्रिमंडळानें उठविली. सरकारची आज्ञा वरून येते तशी वरून जातेहि; आज्ञेच्या खालीं गांवाचा निर्धार असावा लागतो.

तंबाखूसाठीं हाच मार्ग २०१६ पासून गडचिरोलींत अवलंबिण्यांत आला. महाराष्ट्र सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनीं मिळून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला. जिल्ह्यांतील बाराहि तालुके त्याच्या कक्षेंत आहेत. त्याचीं अंगें चार: लोकांस माहिती देणें, गांवाची संघटना बांधणें, कायद्याची अंमलबजावणी करविणें, आणि व्यसनी माणसास उपचार देणें. यांत सर्वांत मोलाचें अंग दुसरें होय असें आम्ही समजतों. गांवाची सभा भरते. आपल्या शिवारांत खर्रा विकावयाचा नाहीं असा ठराव होतो. विकणाऱ्यास आधीं समज दिली जाते. खर्ऱ्याला वेष्टन नाहीं, कारखान्याचें नांव नाहीं, पण विकणारा कोण तें गांवास ठाऊक असतें. मोठ्या न्यायालयास जो धनी सांपडत नाहीं तो ग्रामसभेस सांपडतो. या करारांत कोणी कोणास एक पै देत नाहीं; आहे तें केवळ बंधन. आणि अमेरिकेच्या अनुभवावरून टिकणारी वस्तु तीच आहे. अर्थात् ठराव करणें सोपें. तो दुसऱ्या वर्षीं, तिसऱ्या वर्षीं पाळणें कठीण. तेथें गांवोगांवचा अनुभव सारखा नसणारच.

तेंदूची मेख

परंतु येथें एक मेख आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या पानांत विडी वळली जाते तें तेंदूचें पान याच जंगलांतलें. उन्हाळ्यांत, एप्रिल-मे महिन्यांत, शेतांत काम नसतें आणि घरांतलें धान्य सरत आलेलें असतें. अशा वेळीं सारें कुटुंब पहांटे उठून पानें तोडावयास जातें. दुपारीं बसून पुडकीं बांधतें व संध्याकाळीं तीं फळीवर नेऊन देतें. १९६९ च्या कायद्यापासून हा व्यापार सरकारच्या नियंत्रणाखालीं होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर गांवाची मालकी मानली, आणि २०१३ पासून गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आपलें तेंदूपान स्वतः विकूं लागल्या. ठेकेदाराच्या दयेवर जगणाऱ्या आदिवासी गांवास हा मोठा मानाचा दिवस होता, हें आम्हांस मनापासून मान्य आहे.

पण मग अमेरिकन राज्यांच्या गळ्यांत अडकलेला तोच फास येथेंहि दिसतो. ज्या ग्रामसभेनें सकाळीं खर्रा-बंदीचा ठराव करावा तिनेंच दुपारीं विडीच्या पानाचा लिलाव करावा! सरकारचीहि तीच अवस्था आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें वस्तु-सेवा कराच्या परिषदेनें विडीवरील कर शेंकडा २८ वरून १८ वर, आणि तेंदूपानावरील १८ वरून ५ वर आणण्याचें ठरविलें. सिगारेटला मात्र शेंकडा ४० चा वर्ग. पानें तोडणाऱ्या गरिबाची काळजी त्यांत असेल. पण विडी ओढणाराहि गरीबच असतो, आणि स्वस्त विष त्याला स्वस्त पडत नाहीं.

तेंदूची तोड एकदम थांबवा असें सांगण्याचा अधिकार, उन्हाळ्यांत ज्यांच्या घरीं कोठी भरलेली असते त्यांस नाहीं. सांगतां येईल तें इतकेंच कीं, अमेरिकन राज्यांनीं जी चूक केली ती ग्रामसभांनीं करूं नये. पैसा हातीं येण्यापूर्वींच त्याचें बंधन ठरवावें. पानाच्या उत्पन्नाचा एक ठरलेला भाग दरसाल बाजूस काढून बांबू, मोह, डिंक, मध यांच्या व्यापारासाठीं व व्यसनी माणसांच्या उपचारासाठीं लावला, तर तंबाखूचाच पैसा गांवास तंबाखूपासून हळूहळू सोडवील. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून त्यानें बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखविला. तेंदूवांचूनहि जंगल पोट भरूं शकतें, याची ती साक्ष आहे.

घराचा हिशेब

शेवटीं आमच्या वाचकांच्या घराकडे वळूं. तंबाखू म्हणजे गाडीवानाचें वा मजुराचें व्यसन, अशी समजूत सुशिक्षित घरांत अजून आढळते. आजोबांची तपकिरीची डबी, आत्याबाईंचा पानपुडा, श्राद्धपक्षाच्या जेवणानंतरची चिमूटभर तंबाखू, या गोष्टी आपण व्यसनांत मोडत नाहीं, संवयींत मोडतों. घरीं कामास येणारी बाई दांतांस नस वा मशेरी लावते हें आपणांस ठाऊक असतें; तिला त्याबद्दल कोणी दोन शब्द समजावून सांगत नाहीं. वडील माणसें नातवास पानठेल्यावर पिटाळतात. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि तो गुन्हा घडवून आणणारे आपणच असतों.

याहून सूक्ष्म गोष्ट पैशाची आहे. आयुर्विमा महामंडळाजवळ आयटीसीचे भाग मोठ्या प्रमाणांत आहेत. सरकारी विमा कंपन्यांनीं तंबाखूच्या धंद्यांत पैसा गुंतवूं नये म्हणून २०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत अर्जहि झाला होता. बापानें मुलीच्या लग्नासाठीं वा मुलाच्या शिक्षणासाठीं भरलेला हप्ता कोठें कोठें फिरून येतो, याचा विचार एकत्र कुटुंबाच्या बैठकींत एकदां तरी व्हावा. अमेरिकन राज्यें व झाडीपट्टीच्या ग्रामसभा यांच्याप्रमाणेंच आपलाहि एक वांटा तंबाखूच्या कमाईंत असतो. फरक इतकाच कीं, त्यांना तो दिसतो.

न्यायालयें करावयाचें तें करोत. कंपन्यांशीं उद्यां एखादी मोठी तडजोड आपल्या देशांतहि होईल. झाली तर तिच्यांतील पैशाच्या आंकड्याकडे न पाहतां बंधनांकडे पाहावें, आणि पैसा कशावर खर्चावयाचा हें त्याच कागदावर लिहून घ्यावें, हा अमेरिकेच्या पाव शतकाचा धडा आहे. तोंपर्यंत गडचिरोलींतील गांवें जें बिनपैशानें करूं पाहत आहेत तें आपल्या घरीं करण्यास कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं. दिवाणखान्यांतील पानाच्या तबकांतून तंबाखूची डबी उचलावी, आणि सुपारीची वाटीहि तिच्यामागोमाग जावी. घरांतील सर्व वडीलधाऱ्यांनीं मुलांदेखत एकदां ठरवावें, आणि दर पाडव्यास तो ठराव पुनः वाचावा. कारण एका वर्षाची आज्ञा दुसऱ्या वर्षीं नव्यानें काढावी लागते, हें सरकारांप्रमाणें घरांसहि लागू आहे.